उत्तरेची भिंत

ही गोष्ट मी पुष्कळ वर्षं अर्धीच सांगत आलो. मिशिगनमधल्या नोव्हायला जुन्या मित्रांकडे जेवायला जमलो की कुणीतरी हमखास म्हणायचं, “काका, ते चर्च रंगवलंत त्याचं सांगा ना.” मग मी सांगायचो. ओरेगनच्या किनाऱ्यावरचं शंभर वर्षांहून जुनं लाकडी चर्च, मोटारींच्या रंगात उभा जन्म घालवलेला एक मराठी केमिस्ट, त्याच्याशी वाद घालणारा हट्टी म्हातारा, आणि शेवटी समुद्रावरूनही दिसणारी पांढरीशुभ्र भिंत. लोक हसायचे. जॉर्जिया राज्यात अल्फारेटाला मुलाच्या घरी त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी तर ती फोनवर रेकॉर्ड करून ठेवली आहे. पुढे चर्चचं काय झालं, असं कुणी विचारलंच, तर मी म्हणायचो, “पाडलं. जुनं लाकूड होतं.” आणि भाजी पुढे सरकवायचो.

मी आता एकोणऐंशी वर्षांचा आहे. उरलेली अर्धी गोष्ट लिहून ठेवतो. ज्यांनी पहिली ऐकली आहे त्यांनी कृपा करून हीही वाचावी.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. निवृत्त झाल्यावर मी आणि माझी पत्नी मिशिगन सोडून ओरेगनला आलो, कारण मुलगा तेव्हा पोर्टलंडला होता. वर्षभरात त्याची नोकरी बदलली आणि तो जॉर्जियाला गेला. आम्ही मात्र तिथेच राहिलो. नदी समुद्राला मिळते तिथलं ते छोटं गाव. एक धक्का, एक किराणा दुकान, मासे डबाबंद करायचा बंद पडलेला कारखाना आणि टेकाडावर ते लूथरन पंथाचं चर्च. नगरची आमची मंडळी लूथरन नव्हे, पण गावात दुसरं चर्चच नव्हतं. पहिल्या रविवारी आम्ही मागच्या बाकावर बसलो. तिसऱ्या गीताची चाल सुरू झाली आणि पत्नीने माझा हात दाबला. चाल तीच होती, जी ती लहानपणापासून मराठीत म्हणत आली होती. आजूबाजूचे इंग्रजीत म्हणत होते, तिने मराठीत म्हटलं. कुणी वळून पाहिलं नाही. घरी येताना ती म्हणाली, “आपल्याला इथे चालेल.”

ते चर्च नॉर्वेहून आलेल्या कोळ्यांनी बांधलं होतं. त्यांतले निम्मे हिवाळ्यात होड्या बांधायचे. त्यांना घर बांधता येत नव्हतं, होडी येत होती, म्हणून त्यांनी होडीच बांधली आणि उपडी घातली. नकाशा वगैरे काही काढला नाही. आत बसून वर पाहिलं की होडीच्या पोटात बसल्यासारखं वाटायचं. बाहेरच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या आणि दर दोन फळ्यांमध्ये नखभर फट ठेवलेली. भिंतींच्या तळाशी चारही बाजूंनी एकेक अखंड तुळई होती. ती दगडांवर टेकवलेली होती, खालून वारा फिरावा म्हणून. नॉर्वेजियन भाषेतली उपासना कधीच बंद झाली होती, पण वेदीवरची अक्षरं त्याच भाषेत होती. आम्ही गेलो तेव्हा मंडळीत चाळीसेक माणसं उरली होती आणि उपासना चालवणाऱ्या पाळकबाई एक रविवार आड यायच्या.

हे सगळं मला सांगितलं त्या म्हाताऱ्याने. त्याचे आजोबा बांधणाऱ्यांपैकी एक. तो स्वतः मासेमारीतून निवृत्त झालेला, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. घंटा वाजवणं, शेगडी पेटवणं, पन्हळी साफ करणं, झाडलोट, सगळं तोच करायचा. त्याला पगार नव्हता, त्याच्या वडिलांनाही नव्हता.

रंग द्यायची तिथे एक पद्धत होती. दर उन्हाळ्यात एकच भिंत रंगवायची. या वर्षी समुद्राकडची, पुढच्या वर्षी दक्षिणेची, असं चार वर्षांत चर्चभोवती एक फेरा पुरा व्हायचा आणि पुन्हा पहिल्या भिंतीपासून सुरू. त्यामुळे चर्च कधीच सगळं नवं दिसायचं नाही. एक भिंत पांढरी, एक मळकट, एक पिवळट. रंग तो स्वतः कालवायचा, उकळलेल्या जवसाच्या तेलात. शेडमधून तो वास आला की पत्नीला माहेर आठवायचं. एकदा तिने त्याला जवसाची चटणी नेऊन दिली. त्याने बोटावर घेऊन चाखली आणि डोळे मोठे केले.

“हे तुम्ही खाता? मी याने भिंत रंगवतो!”

“म्हणून तर आम्ही टिकलोय,” पत्नी म्हणाली. त्या दिवसापासून दोघांचं जमलं. मला तो मिशिगनच्या मोटारींच्या शहरावरून ‘डेट्रॉइट’ म्हणायचा. “काय डेट्रॉइट, आज कुठली गाडी रंगवलीस?”

मी येऊन दोन वर्षं झाली आणि समितीवर निवडला गेलो. माझ्या नावामागे डॉक्टर होतं, वेळ होता, आणि मला राहवत नव्हतं. तीस वर्षं मी गाडीच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून रंग तयार केले होते. मिठाच्या फवाऱ्याखाली पत्रे ठेवायचे आणि कुठला किती दिवस टिकतो ते बघायचं, हे माझं काम. आणि इथे एक माणूस खाऱ्या वाऱ्यात जवसाचं तेल फासत होता. मला ते अडाणीपणाचं वाटायचं. मी समितीपुढे योजना मांडली. सगळा जुना रंग खरवडून काढायचा, फळ्यांमधल्या फटी सीलंटने, म्हणजे रबरी लुकणाने, बुजवायच्या आणि वर रबरासारखा ताणणारा जाड रंग द्यायचा. वीस वर्षं बघायला नको. दर उन्हाळ्याची कटकट संपली.

बैठकीला मी दोन पत्रे घेऊन गेलो होतो. एक गंजलेला आणि एक माझ्या रंगाचा, कोरा करकरीत. लोकांनी ते हातोहात फिरवले. म्हाताऱ्याने दोन्ही घेतले, उलटेसुलटे पाहिले.

“हे लोखंडाचे आहेत,” तो म्हणाला.

“हो. लोखंडावर टिकतो तर लाकडावर टिकणारच.”

“टिकेल. रंग टिकेल.” तो पत्रे परत देत म्हणाला. “पाणी येतं तिथून येऊ दे, डेट्रॉइट. ते काही तुला थांबवता येणार नाही. जातं ती वाट बंद करू नकोस.”

“वाटच बंद केली तर येईल कुठून?”

सगळे हसले. तोही थोडा हसला. नोव्हायला गोष्ट सांगताना हे वाक्य मी नेहमी घ्यायचो आणि तिथेही सगळे हसायचे. जे मी कधी सांगितलं नाही ते असं, की मी लाकडावर एकही चाचणी केली नव्हती. एका फळीचा तुकडासुद्धा घेतला नव्हता. लाकूड आतूनही ओलं होतं, चाळीस माणसांच्या श्वासाने, ओल्या कोटांनी, दर रविवारी मागच्या खोलीत उकळणाऱ्या कॉफीने, हे मला पुस्तकात वाचून माहीत असायला हवं होतं. मी पत्र्याचा माणूस. पत्र्याला आत काही नसतं.

मतदान झालं. एक सोडून सगळे हात वर. आणि मग त्या माणसाने, ज्याने हात वर केला नव्हता, सगळं काम स्वतः केलं. आपल्या हाताने ठेवलेल्या नव्हे, आजोबांच्या हाताने ठेवलेल्या फटी त्याने सीलंटच्या बंदुकीने एकेक करून बुजवल्या. मी खाली खुर्ची टाकून बसायचो आणि कुठे राहिलं ते दाखवायचो. त्याने एकदाही कुरकुर केली नाही. तीन भिंती झाल्या. चौथ्या, उत्तरेच्या भिंतीच्या वेळी त्याचा गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली आणि शिडी सुटली. उत्तरेची बाजू रस्त्यावरून दिसत नव्हती. मागे देवदाराची झाडं होती. समिती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू. ते बघायचं राहून गेलं. त्या भिंतीवर त्याचा जवसाचा जुना रंगच राहिला.

पहिली चार-पाच वर्षं माझी कॉलर ताठ होती. पाहुणे फोटो काढायचे. नाताळात पत्नीने करंज्या केल्या तेव्हा पाळकबाईंनी उपासनेत दोनदा आभार मानले, एकदा करंज्यांचे आणि एकदा भिंतींचे.

मग वास यायला लागला. ओल्या पोत्यासारखा. समुद्राकडच्या खिडक्या उघडेनात. एका रविवारी प्रभुभोजनाला रांगेत पुढे जाताना माझ्या पायाखालची फळी मऊ लागली. मी पाय मागे घेतला आणि बाजूने गेलो. कुणाला बोललो नाही.

दोन वर्षांनी समितीने तपासणीस माणूस बोलावला. मी माहितगार म्हणून त्याच्याबरोबर फिरलो. त्याने खालच्या फळ्या काढल्या आणि तळाच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला, केकमध्ये सुरी जावी तसा. दक्षिणेला तेच. पूर्वेला तेच. माझ्या रबरी रंगाला मात्र एक चीर नव्हती. फळी काढली की तो कातड्यासारखा सोलून येत होता आणि त्याच्या आतल्या बाजूला पाणी होतं, थेंब थेंब.

मग आम्ही मागे गेलो. उत्तरेची भिंत. रंग उडालेला, करडा, बघवत नव्हता. त्याने फळी काढली आणि स्क्रूड्रायव्हर मारला. टक्क आवाज झाला. पुन्हा मारला. पुन्हा टक्क. त्याने तीन ठिकाणी पाहिलं.

“या बाजूला काही वेगळं केलंय का?” त्याने मला विचारलं.

“नाही,” मी म्हणालो. “ही बाजू वाऱ्याच्या आड आहे.”

त्याने तसं लिहून घेतलं. उत्तरेला ऊन नसतं. ओल तिथेच सगळ्यात जास्त. कुजायची असती तर तीच भिंत आधी कुजायला हवी होती. हे एखाद्या शाळेतल्या मुलीलाही कळलं असतं. आम्ही प्रयोगशाळेत एक नमुना मुद्दाम काही न लावता बाजूला ठेवायचो, बाकीच्यांशी ताडून बघायला. म्हाताऱ्याच्या गुडघ्याने माझ्यासाठी तो बाजूला ठेवला होता, आणि मी तिथे उभा राहून नाही म्हणालो.

घरी गेल्यावर मी पत्नीला सांगितलं. तिच्यापासून लपवायची सवय नव्हती.

“मग सांगा ना उद्या सगळ्यांना,” ती म्हणाली.

“त्यांना टेक्निकल काय कळणार?”

“मला कळलं की.”

मी नाही सांगितलं. मंडळी लहान, काम मोठं. कदाचित खरं कारण कळलं असतं तरी चर्च वाचलं नसतं. हे मी स्वतःला फार वेळा समजावलं आहे. पण प्रश्न चर्चचा राहिलाच नव्हता. लोक आधीच एकमेकांत बोलू लागले होते, की म्हातारा थकला होता, शिडीवर चढत नव्हता, पन्हळींत पानं साठली होती, त्याने वेळेवर सांगायला हवं होतं. पन्हळींत पानं साठली होती हे खरं होतं. त्याचा काही संबंध नव्हता, हेही खरं होतं, आणि ते गावात एकट्या मला माहीत होतं.

मंडळी बंद करायचं ठरलं तेव्हा एक निरोपाची पुस्तिका काढायची होती, चर्चचा इतिहास. ती मी लिहावी असं सगळ्यांना वाटलं. मी लिहिली. कोळी, होड्या, उपडी होडी, नॉर्वेजियन अक्षरं, सगळं मन लावून लिहिलं. म्हाताऱ्याने जे जे सांगितलं होतं ते सगळं त्यात आहे. शेवटच्या पानावर चर्च का बंद होतंय ते लिहायचं होतं. मी लिहिलं, “गेल्या काही वर्षांत इमारतीच्या देखभालीकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही.”

एवढंच एक वाक्य. त्यात कुणाचं नाव नाही. पण त्या गावात देखभाल म्हणजे एकच माणूस होता.

पत्नीने छापण्याआधी पान वाचलं आणि माझ्यापुढे ठेवलं. “हे तुम्ही त्यांच्याबद्दल लिहिलंत?”

“कुणाबद्दलच नाही लिहिलंय.”

“अहो, मी वाचलं ना आत्ता.” ती स्वयंपाकघरात निघून गेली.

शेवटच्या उपासनेला घंटा दुसऱ्याच कुणीतरी वाजवली. म्हाताऱ्याला गुडघ्याचा त्रास नको म्हणून, असं समितीने सांगितलं. दोर ओढायला गुडघा लागत नाही. पद्धतीप्रमाणे एकेक वस्तू बाहेर नेली गेली, बायबल, प्याला, मेणबत्त्या, वेदीवरचं कापड. प्रत्येक वस्तू न्यायला एकेक माणूस नेमलेला होता. त्याला कुणी नेमलं नव्हतं. तो मागच्या बाकावर, जिथे आम्ही पहिल्या दिवशी बसलो होतो, तिथे बसला होता. गुडघ्यावर पुस्तिका. लोक जाता जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते. फार प्रेमाने ठेवत होते. चूक माफ केलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

मी त्याच्याजवळून जाऊ लागलो तेव्हा तो म्हणाला, “छान लिहिलंस, डेट्रॉइट. माझ्या आजोबांचं अगदी बरोबर लिहिलंस.”

“तुझंच सगळं आहे.”

त्याने शेवटचं पान उघडलं आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. जाड, रंगाने नख कायमचं पांढरं झालेलं बोट. “हे तुझं आहे का?”

मी म्हणालो, “ते समितीचं आहे.”

त्याने मान हलवली आणि पान मिटलं. “बरं,” म्हणाला.

चर्च पाडायला दोनच दिवस लागले. उत्तरेच्या भिंतीची तुळई एक सुतार ट्रकमधून घेऊन गेला, कारण तसलं लाकूड आता मिळत नाही. बाकीच्या कचऱ्यात गेल्या. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी आमच्या घराचा रंग खरवडून काढला आणि जवसाच्या तेलाचा रंग दिला, एक भिंत. मला कुणी सांगितलं नव्हतं. पत्नी खिडकीतून बघत होती. तिने चहा बाहेर आणून दिला.

म्हातारा पुढे शेजारच्या गावी वृद्धाश्रमात गेला. पहिल्यांदा मी ठरवूनही गेलो नाही. दुसऱ्यांदा पार्किंगपर्यंत जाऊन परतलो. तिसऱ्यांदा निघालो तेव्हा पत्नी म्हणाली, “यावेळी सांगितल्याशिवाय घरी येऊ नका.” थट्टेत म्हणाली नव्हती. तिने चटणीची बरणी दिली होती. गाडीत मी सगळं मोठ्याने बोलून पाहिलं, इंग्रजीत, दोनदा.

दुपारची वेळ होती. तो खिडकीशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. बरणी उघडून त्याने वास घेतला आणि हसला. “इथे भिंत रंगवायला देत नाहीत रे. खाल्लीच पाहिजे.”

आम्ही हवेबद्दल बोललो. सॅमन माशांबद्दल बोललो. त्याची स्मरणशक्ती माझ्याहून चांगली होती. मग तो म्हणाला, “तुझ्या घराला काय लावलंस, डेट्रॉइट? माझी मुलगी सांगत होती, तू रंग देतोयस म्हणून.”

मी म्हणालो, “जवसाचं तेल.”

“सगळीकडे?”

“एकेक भिंत. दर उन्हाळ्याला एक.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. मला वाटतं, तो थांबला होता. मी त्याला अर्धं सांगितलं होतं आणि उरलेलं अर्धं ऐकायला तो थांबला होता. त्याने बरणीचं झाकण हळूहळू लावलं. मी घसा साफ केला. तेवढ्यात एक बाई जेवणाचा ट्रे घेऊन आली. तिला जागा द्यायला मी उठलो, आणि उठलो तसा निघालो. “पुन्हा येईन,” म्हणालो.

“चांगलं केलंस,” तो म्हणाला. तेलाबद्दल.

मी पुन्हा जायच्या आत तो गेला. अंत्यविधी शेजारच्या गावच्या चर्चमध्ये झाला. त्याच्या मुलीने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पुस्तिकेबद्दल आभार मानले. “त्या शेवटच्या पानाचं बाबांना फार लागलं होतं,” ती म्हणाली, “पण ते म्हणायचे, ते तुम्ही लिहिलेलं नाही.” मी तिथेही गप्प बसलो. गाडीत बसल्यावर पत्नी म्हणाली, “तिला तरी सांगायचं होतंत.”

आता गावातली इतिहासाची हौस असलेली काही माणसं त्या टेकाडावर एक फलक लावणार आहेत. त्यांनी मजकूर माझ्याच पुस्तिकेतून घेतला आणि तपासायला पाठवला. ते वाक्य त्यात होतं. ते आता पत्र्यावर कोरलं जाणार होतं. मी ते काढून खरं काय घडलं ते लिहून पाठवलं आहे, तपासणीसाला मी काय सांगितलं ते धरून. त्याची एक प्रत म्हाताऱ्याच्या मुलीला पाठवली आहे. तिचं उत्तर आलेलं नाही. यावं असा माझा हक्कही नाही.

ज्याला सांगायचं होतं त्याला ते पोचणार नाही. त्या दुपारी ट्रे येण्याआधी मला एवढंच म्हणायचं होतं: चर्च तू कुजू दिलं नाहीस. मी कुजवलं. तू मला सगळ्यांसमोर सांगितलं होतंस आणि मी तुझ्यावर लोकांना हसवलं. तुझी भिंत ठणठणीत निघाली तेव्हा मी तिथे होतो, मी हात लावून पाहिलं, आणि तरी ते वाक्य लिहिलं. ते समितीचं नव्हतं. माझं होतं. मला माफ कर.